रिकामा अर्धा सेकंद

‘आरोही’ अंतराळस्थानकावर प्राणवायू मध्येच बंद पडू लागला, त्याच्या अकराव्या दिवशी यमुनाबाई दातीरांना संगमनेरहून नियंत्रण केंद्रात आणलं गेलं. वय चौऱ्याहत्तर. स्थानकाचे सगळे संगणक चालवणारी मूलप्रणाली पहिल्यांदा त्यांनीच लिहिली होती. तेव्हा तिच्यात नऊ हजार ओळी होत्या. आता चौदा कोटी.

"बाई, आम्ही फक्त साफसफाई केली," प्रमुख अभियंता निरंजन खोब्रागडे म्हणाला. "तुमची एक ओळ काढली. ती नुसती अर्धा सेकंद थांबायची."

"प्राणवायूची जुनी झडप सावकाश उघडायची, म्हणून."

"ती झडप बदलून तीस वर्षं झाली!"

"पण त्या तीस वर्षांत किती जणांनी वर थर चढवले! त्या रिकाम्या अर्ध्या सेकंदात कुणाकुणाची कामं उरकत होती, ते त्यांनाही ठाऊक नसेल."

वर सहा माणसं होती. त्यांना आणणारं यान महिन्याने निघणार होतं.

निरंजनने ती ओळ परत घातली. प्राणवायू पूर्ण थांबला.

"काय केलंत?" स्थानकप्रमुख लीना बार्देसकर वरून ओरडली. निरंजनने घाईघाईने ओळ काढली, तेव्हा वायू सुरू झाला.

यमुनाबाई माइककडे झुकल्या. "लीना, एवढ्यात तू स्वतः काही लिहिलंस का गं?"

"हो... बारा ओळी. झडप मिटली की परत उघडणाऱ्या. सगळे गुदमरत होते, बाई. कळवायचं राहून गेलं."

"त्यांच्यामुळेच वाचलात. पण त्या आणि माझी ओळ एकदम चालल्या की झडप अडकते."

"मग आता त्या काढू," निरंजन म्हणाला.

"आधी बघ, त्यांच्यावर कोण विसंबलंय."

त्याने तपासलं. स्थानकावरच्या यंत्रणा आपलं वेळापत्रक आपोआप जुळवून घेत. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा त्या बारा ओळींच्या तालावर चालू लागली होती.

‘कमी लिहा’ असं जन्मभर शिष्यांना बजावणाऱ्या यमुनाबाईंनी मग सात नव्या ओळी लिहिल्या. जुनी ओळ आणि लीनाच्या ओळी त्यांनी आळीपाळीने चालवल्या. दुपारी चारला प्राणवायू सुरळीत झाला. वरून लीनाचं हसणं ऐकू आलं, रडण्यासारखं. निरंजनने बाईंना वाकून नमस्कार केला.

"बाई, या सात ओळी मला पूर्ण कळल्या नाहीत."

"मलाही पाऊणच कळल्यात. घाईत लिहिल्या ना. उद्या सोप्या करून देते."

त्या पाणी प्यायला उठल्या. परत आल्या तेव्हा निरंजन पडद्याकडे टक लावून बसला होता.

"काय झालं रे?"

"तीन यंत्रणांनी तुमच्या सात ओळींशी जुळवून घेतलंय, बाई. आता त्या ओळींना हात लावता येणार नाही."