चकचकीत गिअरबॉक्स

"अब्बा, थांबा! अजून हो म्हणू नका!" टायरांच्या ढिगावरून उडी मारून अस्मा धावली.

रियाधबाहेरच्या भंगारबाजारातलं हे सकाळपासूनचं चौथं दुकान. ऊन असं, की सावलीलाही घाम फुटावा! धाकटा भाऊ हाशिर पाय ओढत होता. 'सुट्टीत काहीतरी थरारक करू' म्हणून हौसेनं आलेली शेजारची तन्वी टोपीनं वारा घेत होती. आणि अब्बांना फक्त घरी जायचं होतं. त्यांच्या पिकअपचा गिअरबॉक्स मोडला होता. परवा गाडी हुफूफला खजूर आणायला गेली नाही, तर अख्ख्या हंगामाचं काम दुसऱ्या ड्रायव्हरला मिळणार होतं.

"खलास, बस झालं, हाच गिअरबॉक्स घेऊ," अब्बा म्हणाले. "मी दुकानदाराला विचारलं, गीर, म्हणजे गिअरबॉक्स, ठीक आहे ना? तो म्हणाला, आदी. म्हणजे नॉर्मल! तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे मी इथे."

"पण बाकी सगळ्यांवर बोटभर धूळ, आणि हाच तेवढा आंघोळ करून कसा बसलाय?"

"ईदला निघाला असेल," हाशिर पुटपुटला.

जुना गिअरबॉक्स घेताना आतलं तेल बघायचं, हे तन्वीनं येताना व्हिडिओत दाखवलं होतं. अस्मानं खालच्या बोल्टकडे बोट करून दुकानदाराला विचारलं, "अम्मू, काका, हे उघडू?"

"ला, ला!" दुकानदार आडवा आला.

अस्मानं हाशिरला डोळा मारला. लगेच गळा धरून तो टायरवर कोसळला. "मोया! पाणी, अम्मू, मोया!"

दुकानदार घाबरून पाणी आणायला आत पळाला.

"ओव्हरॲक्टिंग!" तन्वी कुजबुजली.

"अर्धी खरी आहे गं," डोळे मिटूनच हाशिर म्हणाला.

अस्मानं तिथेच पडलेला पाना लावला. बोल्ट ढिम्म! मग दोघी मिळून पान्याला लोंबकळल्या. कर्रर्र! काळं तेल बोटावर आलं. उन्हात धरलं, तर त्यात सोनेरी कण चमचमत होते.

"अब्बा, पितळेचा चुरा! आतल्या कड्या झिजल्यात. हुफूफच्या निम्म्या वाटेत बसवेल हा तुम्हाला!"

दुकानदार बाटली घेऊन आला आणि थबकला. अब्बांचा आवाज चढला, "तूच म्हणालास ना, आदी?"

"ऐवा, गीर आदी!" त्यानं होकारार्थी मान हलवत हवेतच हातानं गिअर टाकून दाखवले. "ऑटोमॅटिक, ला!"

अस्माला हसू फुटलं. "अब्बा, हातानं टाकायच्या गिअरलाच इथे आदी म्हणतात! चांगला आहे असं तो म्हणालाच नाही!"

अब्बा मटकन टायरवर बसले. "या अल्ला! आणि हे तुला कुठून कळलं?"

"बिल्डिंगखालच्या गॅरेजच्या पाटीवर 'आदी' आणि 'ऑटोमॅटिक' शेजारी शेजारी लिहिलंय, रोज वाचते ना!"

ओशाळलेल्या दुकानदारानं मागून धुळीनं माखलेला दुसरा गिअरबॉक्स ओढून आणला. अब्बांनी पाना उचलला, क्षणभर पाहिला आणि अस्मापुढे धरला. "मी दमलो, बाय. दमलेला माणूस लवकर फसतो. तूच बघ. तू म्हणशील तोच घ्यायचा."

तन्वीनं दांडा फिरवला. एकेक गिअर अलगद पडला. कुठे खरखर नाही, अडखळणं नाही. अस्मानं बोल्ट उघडला. तेलात चुऱ्याचा कणही नाही.

"घ्या अब्बा!" अस्मा ओरडली.

दुकानदार होकारासाठी अब्बांकडे बघत राहिला. अब्बांनी छातीवर हात ठेवला.

"बिंती," ते म्हणाले. माझी मुलगी. "ती हो म्हणाली. चढव गाडीत!"