अर्ध्या इंचाची प्रार्थना

त्याच्या बाहीवर लाकडाचा भुसा होता, आणि तिच्या झेरॉक्स मशीनला धुळीचं भारी वावडं.

"अहो, मागे सरा! मशीनला हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतोय? नुसता वाकून बघतोय."

"वाकायचंही नाही. केसांतून भुसा पडतोय."

त्याने केस झटकले, तेव्हा आणखी पडला. कानावर पेन्सिल... सुतार असणार, तिने ताडलं. तिला हसू फुटणारच होतं, पण त्याने पुढे केलेला कागद पाहून ते ओठांतच राहिलं. घड्यांवर झिजलेला जुना कागद, वर संत ज्यूडचं चित्र, खाली प्रार्थना. सगळे उपाय थकले की लोक ज्याचे पाय धरतात, तो हा संत. काकांच्या या दुकानात चार वर्षं बसून तिला एवढं कळलं होतं, की हे चित्र घेऊन कुणी हौसेने येत नाही.

"नऊ प्रती," तो म्हणाला. "रोज नऊ, नऊ दिवस. प्रार्थना म्हणायची आणि प्रती चर्चच्या बाकांवर ठेवायच्या, आपल्यासारख्याच कुणा अडलेल्यासाठी. हा कागद आईचा, वर्षानुवर्षं तिच्याजवळचा. तिच्या डोक्यात गाठ आहे. दहाव्या दिवशी ऑपरेशन."

"मधेच काही चुकलं तर?"

"पुन्हा पहिल्यापासून. तेवढे दिवस नाहीत हातात."

रोज ने-आण करून कागद फाटला असता, म्हणून तो तिच्या खणात राहिला. आईच्या उशाशी त्याने एक प्रत ठेवली.

मग तो रोज अडीचला येऊ लागला. दारातच बाह्या झटकायचा. "बघा, साफ होऊन आलो." "उपकार झाले!" ती प्रती पाकिटात घालायची आणि वर ठसठशीत अक्षरात 'सुतार' लिहायची. चौथ्या दिवशी त्याने तिचं डुगडुगणारं स्टूल उलटं करून पाय ठोकून दिला.

"मला सवय होती डुगडुगायची," ती म्हणाली.

"पडली असतीस म्हणजे? ... असतात, म्हणजे."

काका चष्म्यावरून बघायचे. "नऊ प्रतींना हल्ली अर्धा तास लागतो वाटतं?" तिचे कान तापायचे. संतावर तिचा काही विश्वास नव्हता. तिचा विश्वास फार तर नव्या टोनरवर. पण अडीच वाजायला आले की डोळे दाराला लागायचे, त्याला ती काय करणार!

सहाव्या दिवशी तो बाह्या झटकायला विसरला.

"आई बोलायची थांबली," तो म्हणाला. "मी प्रार्थना वाचून दाखवतो. माझं वाचून संपतं, तरी तिचे ओठ हलत राहतात... काय म्हणत असेल गं?"

"तू विचारलंस तिला?"

दोघांमधलं 'अहो-जाहो' गळून पडलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही दाखवलं नाही.

तो गेल्यावर तिने खणातला कागद पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. मग बाजूला एक प्रत ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मूळ कागदावर अगदी खालच्या कडेला एक ओळ होती: 'आणि तुझ्या मनात नसेल, तर मागणं नको पुरवूस, पण मागे राहील त्याला एकटं सोडू नकोस.' प्रतीवर ती नव्हती. कागद काचेवर अर्धा इंच चुकीचा बसत होता... सहा दिवस.

सांगावं, तर नोव्हेना, ही नऊ दिवसांची प्रार्थना, मोडली आणि पुन्हा सुरू करायला दिवस नाहीत. लपवावं, तर ही अपुरी प्रार्थना तो जिवाच्या आकांताने म्हणतोय. इकडे आड, तिकडे विहीर. तिने लपवलं. संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन बाकांवर उरलेल्या प्रती गोळा केल्या आणि प्रत्येकीखाली ती ओळ हाताने लिहिली. आयुष्यात कधी गुडघे न टेकलेली ती, त्या दिवशी गुडघ्यांवर बसली, कारण तसं बसलं की बाक लिहायला बरोबर उंचीचं होत होतं. सातव्या दिवसापासून कागद नीट बसला.

नवव्या दिवशी तो म्हणाला, "उद्या." ती म्हणाली, "हो."

त्यानंतर तो आला नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी वर्तमानपत्रातली त्याच्या आईची निधनवार्ता तिच्यापुढे सरकवली आणि उगाचच चष्मा पुसत राहिले.

तो आला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. बाहीवर भुसा नव्हता. हातात एक प्रत होती, खाली हाताने लिहिलेली ओळ.

"चर्चमध्ये बसलो होतो. हे सापडलं. अक्षर तुझं आहे."

तिने सगळं सांगून टाकलं. एकही सबब पुढे केली नाही.

"सहा दिवस?" त्याने विचारलं.

"सहा दिवस."

"अर्ध्या इंचाने दार लागत नाही, हे मला कळतं. आणि हे मला दिसलं नाही..." त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो दाराकडे वळला.

"ओठ!" ती ओरडलीच. "तू थांबलास की आईचे ओठ हलायचे ना? तिला ती ओळ पाठ होती रे. ती म्हणत होती. रोज. तुझ्यासाठी."

तो मागे फिरला, स्वतःच दुरुस्त केलेल्या स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. काका बाहेर जाऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं. "नऊ प्रती काढ. पूर्ण. कुणीतरी अडलेलं येईलच." मग खाली मान घालून म्हणाला, "आणि ती शेवटची ओळ... ती मी आता संताला म्हणत नाहीये. तुला म्हणतोय."

तिने कागद काचेवर ठेवला आणि अर्धा इंच सरकवला. समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

"झाकण धर," ती म्हणाली.

"मशीनला हात लावायचा नाही ना?"

"तू धर."

त्याने धरलं. तिचा हात तिथेच होता. तो तिने काढला नाही.