साळुबाईंच्या टीव्हीवरच्या मुंग्या

लाइट गेलीय, ठाऊक आहे मला. तरी तो टीव्ही भिंतीकडे फिरवा, आणि कंदील जरा इकडे सरकवा. हसू नका. ऐका आधी.

२००३ साली मी आळे गावी हॉस्टेलात होतो. खोलीत भरतचा कॉम्प्युटर होता. तो अभ्यासासाठी आहे, असा त्याच्या घरच्यांचा समज. भरतने कुठूनसा ट्यूनरचा डबा आणला, आणि मॉनिटरवर टीव्ही दिसू लागला. केबल मात्र फुकटची. मागच्या घराची वायर आमच्या खिडकीसमोरून जायची. ती सोलून आम्ही आमची वायर तिच्यात पिळली. त्या घरात साळुबाई एकट्या राहत.

एका दुपारी खालून त्यांची हाक आली.

"पोरांनो, माज्या टीवीवर मुंग्या आल्यात रं! तुमी शिकलेली मान्सं, जरा येऊन बगा की."

भरत पोट धरून हसला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन साळसूदपणे खाली उतरलो. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात, त्यातली गत.

घरात सारवणाचा आणि रॉकेलचा वास होता. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या, त्यांची खरखर सुरू होती, आणि हिरव्या लुगड्यातल्या साळुबाई अगदी पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

"आज केबलवाला आणे गावच्या यात्रंची कॅसेट लावनार हाये," त्या म्हणाल्या. "आमटीच्या पंगतीत माजा संपत वाढतोय. यात्रा झाली आन् म्हैन्यात गेला त्यो. फोटू न्हाई रं त्याचा एकबी. तेवडाच बगाया मिळतो."

त्यांनी दिलेला चहा माझ्या हातात होता. तिथेच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही.

"सेट जुना झालाय, आजी..." एवढंच बाहेर पडलं. लाजेने कान तापले होते, तरी चहा मी पुरता प्यालो.

मग जिना चढलो तो आमची वायर उपटायची असं ठरवूनच. मॉनिटरवर यात्रा सुरू झाली होती. माणसांच्या लांब रांगा, पत्रावळी, आमटीची वाफ. एक उंच माणूस बादली घेऊन वाढत होता. मधली एक जागा रिकामी होती, पुढे पत्रावळ मांडलेली. तिथे तो थांबला, आणि सरळ आमच्याकडे बघत उभाच राहिला.

"चित्र आडाकलं काय रं?" भरतने विचारलं. पण बादलीतून वाफ निघत होती.

मी वायर हिसकली. ती निघून हातात आली, आणि खालून साळुबाईंचा चिरका, आनंदाचा आवाज आला.

"बाळा, मुंग्या गेल्या रं! तू नीट केलास... आला गं बाई... आला माजा संपत..."

मग काहीच ऐकू आलं नाही.

वायर माझ्या हातात लोंबत होती, आणि मॉनिटरवरचं चित्र गेलं नव्हतं.

"बंद कर राव..." भरत कुजबुजला. मी बटण दाबलं. प्लगही काढला. पंगत तशीच. रिकाम्या जागी आता साळुबाई बसल्या होत्या, त्याच हिरव्या लुगड्यात, आणि संपत त्यांना वाढत होता. खोलीत गरम आमटीचा वास पसरला.

आम्ही खाली धावलो. साळुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्राण गेला होता, चेहरा मात्र तृप्त. जमलेली माणसं म्हणाली, "पोरानं टीवी नीट करून दिला, म्हातारीनं लेकाला बगून डोळं मिटलं." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी शाप दिला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी सरकून शेजारी जागा केलीय. कुठलाही बंद पडदा समोर आला की ती पंगत दिसते. जागेपुढे पत्रावळ आहे, वाढलेली. साळुबाई हाताने जमीन थोपटतात. ओठ हलतात... "ये बाळा, तूच नीट केलास ना..."

मी कोणत्या तोंडाने जेवायला बसू?

आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सगळी मंडळी बसल्याशिवाय पंगतीत कोणी घास उचलत नाही. ती अख्खी पंगत हात आवरून माझ्याकडे बघते आहे. आमटीची वाफ अजून निघतेय. त्यांच्यातल्या कोणीही अजून घास उचललेला नाही.