गव्हाणी घुबडाची गुपचूप रजा

"ॲग्नेस, माझं गव्हाणी घुबड चोरलं गं कुणीतरी!"

पार्ल्यातल्या विद्यापीठाच्या निसर्ग-संग्रहालयाच्या दारातच यव्होन मॅडमनी ॲग्नेसचे हात धरले. मॅडम इथल्या पक्षी-दालनाच्या प्रमुख. ॲग्नेस वाकोल्याची खाजगी गुप्तहेर, नजर घारीची! मागून धापा टाकत आला तिचा मदतनीस अनिरुद्ध. त्याची नजर चहाच्या टपरीवर.

"आज सापडलं नाही, तर संचालक रविवारचा वर्ग कायमचा बंद करणार. म्हणे, बाहेरच्यांना आत घेतलं की असंच होतं!"

रविवारचा वर्ग म्हणजे वस्तीतल्या पोरांची फुकट धमाल. पक्षी, शिंपले, मासे, सगळं अगदी जवळून बघायचं.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. पेंढा भरलेले बाकीचे पक्षी छान सारख्या अंतरावर उभे. फळीवर चिमूटभर तपकिरी भुकटी.

"तपकीर!" अनिरुद्ध ओरडला. "चोर म्हातारा आहे!"

"हुंगून बघ."

त्याने हुंगलं. वास नाही, शिंक नाही. "मग... मला सर्दी झालीय?"

"गप रे!" ॲग्नेस कोपऱ्यात घरघरणाऱ्या फ्रीजरकडे वळली. "हा कशाला गं?"

"नवा पक्षी आला की आधी गोठवतो, मगच कपाटात. किल्ल्या दोनच. एक माझी, एक तेजलची. रविवारचा वर्ग तीच घेते. पण संचालकांचा संशय मनोरीच्या मासेवाल्या जॉनीकाकांवर. काल आले होते ना."

जॉनीकाका तापलेलेच होते. "मी काय घुबडाचं कालवण करणार? पोरांना दाखवायला मासे आणले. तेजल म्हणाली, फ्रीजर बिघडलाय. मग बर्फाच्या पेटीत ठेवले!"

तेजलचे डोळे सुजले होते. "मी चोरी नाही केली, आंटी. शप्पथ." मग हळूच, "वर्ग खरंच बंद होणार?"

ॲग्नेसने सगळ्यांना कपाटासमोर उभं केलं.

"कुलूप शाबूत, म्हणजे किल्ली वापरली. चोर कधी उरलेले पक्षी सरकवून रिकामी जागा झाकत बसतो का? ते घरचं माणूस करतं. ही भुकटी तपकीर नाही, पिसं पोखरणाऱ्या किडीची आहे. आणि नवे पक्षी गोठवता कशाला, यव्होन?"

"कीड मरावी म्हणून... अगंबाई!"

"मग कुणी उघडू नये म्हणून चालू फ्रीजर 'बिघडला'. उघड रे अन्या!"

आत, पिशवीत गच्च बांधलेलं, घुबड!

तेजल रडायलाच लागली. "काल दिसली कीड. मॅडम घरी गेल्या होत्या. वाटलं, कळलं तर अख्खं दालन बंद करतील, वर्गही. सकाळी 'चोरी चोरी' सुरू झालं आणि माझी बोबडीच वळली. सॉरी, जॉनीकाका. मला कावळ्याशिवाय पक्षी माहीत नव्हता हो. याच वर्गात बसून शिकले."

"वेडाबाई! एक कपाट बंद ठेवून भागतं. तू थांबली असतीस, तर सगळे पक्षी गेले असते." मॅडमनी तिला कुशीत घेतलं. "थँक्यू गं पोरी."

मग त्यांनी संचालकांना फोन लावून सगळं सांगितलं. "आणि सर, आपला संग्रह वाचवणारी ही मुलगीपण बाहेरूनच आलेली. रविवारच्या वर्गातली."

पलीकडून संचालकांनी जॉनीकाकांना फोनवर बोलावलं. मग मॅडमनी फोन जॉनीकाकांच्या हातात दिला. काकांनी ऐकून घेतलं, घसा खाकरला.

"असू दे हो साहेब, चुकतं माणूस. उद्या वर्गाला तुम्हीपण या. फक्त पोरांबरोबर खाली सतरंजीवर बसावं लागेल, हां!"