गाठ वाढली

तेरदाळ्यांच्या घरात रोज सकाळी चहाआधी निकाल लागायचा. उज्ज्वलाच्या दंडात तांदळाच्या दाण्याएवढा शोधक बसवलेला होता. कर्करोगाच्या पेशी रक्तात आपले बारीक तुकडे सांडतात. ते हा शोधक टिपायचा आणि स्वयंपाकघरातल्या पेटीला कळवायचा. पेटी मग बोलून सांगायची. दवाखान्याची भाषा ऐकूनच माणूस निम्मा खचतो, म्हणून ज्या घरात ठेवतील त्या घरचं बोलणं ती शिकून घ्यायची.

उपचार होऊन वर्ष झालं होतं. काखेत एक बारीकशी गाठ तेवढी उरली होती, निजलेली की मेलेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "आहे तेवढीच आहे," असं पेटीने सांगितल्याशिवाय उज्ज्वलाच्या घशाखाली चहा उतरत नसे. वर्षभर तिने नवी साडी घेतली नव्हती, लोणचंसुद्धा घातलं नव्हतं. ते मुरेपर्यंत आपण असू की नाही, असं मनात यायचं.

आज पेटी म्हणाली, "काखेतली गाठ वाढली."

तिचा नवरा धनंजय चहा गाळत होता, त्याचा हात तसाच राहिला. एरवी तो भारी बडबड्या; केमोच्या दिवसांत त्याच्या विनोदांना नर्ससुद्धा वैतागल्या होत्या. आज त्याने निमूट गॅस बंद केला आणि नंबर शोधला. कसाबसा त्याने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर मुजावर शस्त्रक्रियेत होत्या, दुपारी बोलतील असं कळलं.

"इथं बसून काय करायचं?" उज्ज्वला म्हणाली. "घाटावर जाऊया. वाटेत भडंग घ्या, तिखट."

"तुला तिखट चालत नाही."

"आता कसलं पथ्य ओ? चला की."

कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून तिने मूठमूठभर भडंग खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी धनंजयने तिची पाठ थोपटली.

"रडत नाही ओ, तिखट लागलंय," ती म्हणाली. मग तिने नदीकडे बघून हात जोडले. "वर्षभर देवापुढं हात जोडले की मागणंच चालायचं. अजून थोडं दे, अजून थोडं दे. आत्ता हात जोडले आणि काही मागावंसंच वाटलं नाही. तुम्ही शेजारी बसलाय, तेवढं पुरलं. ज्या बातमीला भीत होते ती आली, आणि मी आहे तशीच आहे की."

धनंजयला तिचं कौतुक वाटलं. त्याने भर घाटावर, लोकांदेखत, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "वाढली म्हणून कुणी सांगितलं? माझ्याकडे शोधकाचा आकडा शून्य आलाय. स्कॅन करून खात्री करू, पण गाठ गेलीय, उज्ज्वलाताई."

"पेटीच म्हणाली की, वाढली म्हणून."

म्हणता म्हणता उज्ज्वलाने कपाळावर हात मारला. मागे एकदा पेटी "कुंकू संपलं" म्हणाली, तेव्हा तिनेच दटावलं होतं. संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बिचाऱ्या पेटीने तो धडा इमानेइतबारे गाठीलाही लावला होता.

डॉक्टर हसल्या. धनंजय हसता हसता रडायला लागला आणि काही केल्या थांबेना.

घरी परतताना त्याच्या जिभेला पुन्हा धार आली. कोकणात जाऊ, साड्या घेऊ, लोणच्याला बरणी मोठीच घेऊ. उज्ज्वलाची पावलं मात्र मागे पडत होती.

"काय झालं गं?"

"सकाळी मरण आलं असं वाटलं, तेव्हा भ्याले नाही," ती म्हणाली. "आता जगायचंय म्हटल्यावर हात कापतायत बघा."

त्याने तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

घरात शिरताच ती पेटीसमोर उभी राहिली. "उद्यापासून मी विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही."

"बरं," पेटी म्हणाली. "पण गाठ पुन्हा आली आणि तुम्ही विचारलंच नाही, तर?"