थोरलीचा लॅपटॉप

लॅपटॉपमध्ये नवी सिस्टीम टाकणं म्हणजे उस्तादांच्या हातचा मळ. उस्ताद हे नाव त्यांना आजूबाजूच्या दुकानदारांनी दिलेलं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. तळघरातल्या त्या अरुंद दुकानात त्यांनी आजवर किती मशीनं पुसून नवी केली, त्याला गणती नव्हती. त्यामुळे सकाळी साडेदहाला मायलेकी एक जुना लॅपटॉप घेऊन पायऱ्या उतरल्या, तेव्हा त्यांनी हातातलं बिस्कीटसुद्धा खाली ठेवलं नाही.

“दुपारी चारला हिची परीक्षा आहे. घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर,” आई म्हणाली. “हा माझ्या थोरलीचा लॅपटॉप. ती सहा महिन्यांपूर्वी गेली. यातलं तिचं सगळं पुसा आणि नवं टाका.”

“मावशी, नोट्स, फोटो बाजूला काढून ठेवतो ना...”

“काही ठेवू नका. कॉपीसुद्धा नको. हीच परीक्षा तिनं तीनदा दिली, तिन्ही वेळा थोडक्यात गेली. चौथ्यांदा बसायच्या आधी तापाचं निमित्त झालं. तिचं काही डोळ्यांसमोर आलं की हिचे हातपाय गळतात. शब्द द्या मला.”

उस्तादांनी शब्द दिला. धाकटी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली.

उस्तादांची एक खोड होती. गिऱ्हाईक कितीही नाही म्हणालं, तरी ते डिस्कची एक प्रत गुपचूप काढून आठ दिवस जपून ठेवत. नको नको म्हणणारेच चौथ्या दिवशी रडत येतात, हा वीस वर्षांचा अनुभव. पण या बाईंचा चेहरा पाहून त्यांनी या वेळी खोड आवरली. डिस्क फॉरमॅट केली, पेन ड्राइव्ह लावला आणि सिस्टीम चढायला लागली.

चौसष्ट टक्क्यांवर पडदा काळा झाला. मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं आणि पहिले पाढे पंचावन्न.

होतं असं कधीकधी. त्यांनी पेन ड्राइव्ह बदलला. पुन्हा चौसष्ट, पुन्हा काळोख. रॅम काढून पुसली, दुसऱ्या खाचेत बसवली. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवून पाहिलं. तापून बंद पडतंय म्हणावं, तर पंखा नीट फिरत होता आणि मशीनचा तळ फरशीसारखा गार होता. त्यांनी कीबोर्ड उचकटला, तेव्हा आतून डोकेदुखीच्या बामाचा वास आला. इतका ताजा, की त्यांनी मागे वळून पाहिलं.

“ताई अभ्यासाला बसली की कपाळाला बाम चोळायची,” दाराजवळच्या बाकावरून धाकटी हळूच म्हणाली.

उस्ताद हसायला गेले. हसू काही आलं नाही.

मशीन का बंद पडलं, याची नोंद त्याच्या एका चिपमध्ये राहते. एक वाजता त्यांनी ती उघडून वाचली. सात वेळा बंद पडलं होतं, आणि सातही वेळा कारण एकच: पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं.

आता बटण दाबणार कोण? टेबलापाशी तर ते एकटेच. बटण अडकत असेल, अशी मनाची समजूत घालून त्यांनी बटणाची पट्टीच सोडवून बाजूला ठेवली. बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हरचं टोक आतल्या दोन पिनांना टेकवलं आणि मशीन चालू केलं. टक्के चढत गेले. साठ... बासष्ट... चौसष्ट. काळोख. नोंदीत आठवी ओळ उमटली: बटण चार सेकंद दाबून धरलं. आणि बटण तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडलेलं. उस्तादांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यांनी डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. ती कोरी असायला हवी होती. त्यांनी स्वतः पुसली होती, एकदा नव्हे, आठ वेळा. ती गच्च भरलेली होती. थोरलीचं खातं, तिच्या नोट्स, तीन वर्षांत सोडवलेल्या शेकडो प्रश्नपत्रिका, सगळं जिथल्या तिथे. सगळ्यात वरच्या फाइलवर आजचीच तारीख होती. वेळ, एक वाजून चाळीस मिनिटं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक एकेचाळीस.

मावशींना हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? आणि चार तर वाजणारच होते. शेवटी उस्तादांनी शब्द मोडला. सगळ्याची प्रत काढली, डिस्क परत बसवली, सिस्टीम पुन्हा चढवायला लावली आणि मनातल्या मनात म्हणाले, ‘बाई गं, तुझं सगळं परत ठेवतो. आता तरी पुढे जाऊ दे.’

चौसष्ट आले आणि गेले. शंभर झाले. कबूल केल्याप्रमाणे त्यांनी थोरलीचं खातं आणि नोट्स परत ठेवल्या, आईच्या नजरेला पडणार नाहीत अशा आडबाजूला. बाईंना फसवल्याची लाज वाटली, पण मशीन मार्गी लागल्यानं हायसं त्याहून जास्त वाटलं.

तोवर साडेतीन झाले होते. घर गाठणं शक्यच नव्हतं. “इथंच दे पेपर,” ते धाकटीला म्हणाले. टेबल मोकळं केलं, आपली चाकांची खुर्ची तिला दिली, दिवा तिच्या तोंडाकडे वळवला आणि स्वतः आईजवळ दारात जाऊन उभे राहिले.

कॅमेरा चालू झाला. पडद्यावर धाकटीचा चेहरा आला, त्याभोवती हिरवी चौकट. मग तिच्या खांद्यामागे, नुसत्या भिंतीवर, दुसरी हिरवी चौकट उमटली. खाली अक्षरं आली: ‘दोन व्यक्ती दिसत आहेत. एकीने बाहेर जावे, अन्यथा परीक्षा रद्द होईल.’

“काका, मागे व्हा ना!”

“मी... मी दारात आहे गं, पोरी.”

धाकटीनं त्या रिकाम्या चौकटीकडे निरखून पाहिलं. चौकट जराशी कलली, माणूस मान वाकडी करून वाचतो तशी. चार वाजायला दोन मिनिटं होती.

“ताई...” तिची बोबडी वळली होती. “ताई, बाहेर जा ना... माझा पेपर आहे...”

चौकट हलली नाही. बामाचा वास दुकानभर पसरला. आणि धाकटीची खुर्ची, तिला घेऊन, किरकिरत मागे सरकायला लागली. हळूहळू, कुणी समजुतीनं ओढावी तशी. पोरीनं किंकाळी फोडून खुर्चीतून उडी मारली आणि धावत दार गाठलं.

पडद्यावर आता एकच चौकट होती. खाली धाकटीचं नाव, तिचा नंबर, आणि अक्षरं: ‘एक व्यक्ती. ओळख पटली. परीक्षा सुरू.’

रिकामी खुर्ची टेबलाला जाऊन लागली. कीबोर्डची बटणं दबू लागली. भराभर, एकही न चुकता.

उस्ताद एक पायरी मागे सरले. धाकटी मात्र रडत ओरडली, “आई, माझी परीक्षा आहे ती! माझं नाव आहे तिथं! मी वर्षभर जीव काढलाय, थांबव तिला!” ती आत धावणार, तोच आईनं तिचं मनगट धरलं.

आईचे डोळे भरून वाहत होते. पण त्या चेहऱ्यावर भीती शोधूनही सापडली नसती.

“गप,” ती कुजबुजली. “तिचं लक्ष उडेल.”

आणि दुसऱ्या हातानं तिनं दुकानाचं दार, आवाज होऊ न देता, बाहेरून ओढून घेतलं.