हलका नंबर

पहिल्याच भेटीत चष्मेवाले चक्क झोपले.

झालं असं, की दुपारी चारच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाई दुकानात आल्या. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून. चष्मेवाल्यांनी त्यांना आतल्या लहान खोलीत दिव्याखालच्या खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकामागून एक भिंगं बदलत, गेली चाळीस वर्षं विचारत आले तेच विचारलं, "हे बरं... की ते?"

"दोन्ही सारखंच दिसतंय हो," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या.

"मग सापडला नंबर. दोन्ही सारखं दिसलं की मी हलका देतो. डोळ्यांवर उगाच ओझं कशाला? आता हे कार्ड वाचा वरपासून."

एवढं बोलून ते स्टुलावर टेकले, ते टेकलेच. जाग आली तेव्हा बाई कार्ड मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या.

"वाचून झालं," त्या म्हणाल्या. "दोनदा. तळाला छापखान्याचं नाव आहे, तेही वाचलं. सांगू?"

"माफ करा, काल रात्री झोप झाली नव्हती."

ही थाप होती. काल ते नऊ तास झोपले होते. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाने नुकत्याच आलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? की प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता, रेडिएशन झालं, आणि दीड वर्ष दर तीन महिन्यांनी इंजेक्शन चालू आहे? की हा थकवा झोपून जातच नाही, सकाळी आपल्या आधी उठून बसलेला असतो? हे फक्त डॉक्टरांना आणि मुलीला ठाऊक होतं. बाकी जगाला ते सांगत, वजन जरा वाढलंय.

वजन खरंच वाढलं होतं. आठवड्याने तीच सबब घेऊन ते बाईंच्या दुकानात गेले. बाईंनी नव्या चष्म्यातून टेप बघितली.

"पँट दोन इंच सोडावी लागेल. घरचं जेवण मानवतंय वाटतं?"

"मानवतंय," चष्मेवाले म्हणाले आणि एकदम मानेपासून कपाळापर्यंत आग चढली. दरदरून घाम सुटला. बाईंनी मुकाट्याने पंखा त्यांच्याकडे वळवला. अशा गरम लाटा इंजेक्शनमुळे येतात हे चष्मेवाल्यांना माहीत होतं. पण मग ही नेमकी टेप कमरेभोवती आल्यावरच का आली? आणि डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, या औषधाने ओढ वगैरे सगळं झोपी जाईल. मग आत हे जागं कोण होतं? घरी जाईपर्यंत त्यांच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला.

डॉक्टरांनी आणखी एक उलटी गोष्ट सांगितली होती. हा थकवा बसून वाढतो, रोज थोडं चाला. बाई सहाला दुकान बंद करून याच रस्त्याने घरी जात. मग दोघं पोस्टापर्यंत बरोबर चालू लागले. त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, बाईंचे यजमान जाऊन बारा. बोलायला विषय मात्र कधी कमी पडला नाही. तीन आठवडे असे मजेत गेले.

मग एका संध्याकाळी अंगात त्राणच उरलं नाही. हात उचलून दिवा लावणंही जिवावर आलं. "बाई आल्या तर मी बाहेर गेलोय म्हणून सांग," ते दुकानात आलेल्या मुलीला म्हणाले आणि काउंटरवर डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा झाले, बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

त्यातच डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहे. इंजेक्शन आता थांबवलं तरी चालेल, आणखी सहा महिने घेतलं तरी चालेल. तुमच्या बाबतीत फायद्यात फारसा फरक नाही. सोमवारपर्यंत ठरवा." मुलगी म्हणाली, "बाबा, घेऊनच टाका, जोखीम नको." चष्मेवाल्यांना काही सुचेना. थांबवलं आणि ते दुखणं परत आलं तर? घेतलं आणि असंच काउंटरवर डोकं टेकून बसायची वेळ आली तर?

रविवारी बाई आल्या. चष्म्याची काडी सैल झाली होती. चष्मेवाल्यांनी आतल्या खोलीत बसून स्क्रू पिळला, जरुरीपेक्षा जास्त वेळ पिळला.

"त्या दिवशी मी आतच होतो," शेवटी ते म्हणाले.

"दिसलात ना. तुमच्या दुकानाची काच फार स्वच्छ असते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजार, इंजेक्शनं, त्यांनी येणाऱ्या गरम लाटा, दोन इंच कंबर, पहिल्या दिवशीची थाप. "डॉक्टर म्हणाले होते ओढ राहणार नाही. आणि मी... सहा वाजायच्या आधी तीनदा घड्याळ बघतो. हे कशात बसतं, मलाच कळत नाही."

"मला वाटलं माझी बडबड ऐकून दमलात," बाई म्हणाल्या. "आणि सगळंच मापात बसायला हवं असं कुठंय? जन्मभर मापं घेतलीत मी, मला विचारा. उठा बरं. या खुर्चीवर बसा."

ते बसले. बाईंनी स्टूल ओढलं, दिवा खाली केला.

"हे बरं... इंजेक्शन आणखी सहा महिने. की ते... आता थांबवायचं आणि रक्ताची तपासणी वेळच्या वेळी?"

त्यांनी डोळे मिटून खरंच दोन्हीकडे बघितलं. "दोन्ही सारखंच."

"मग तुम्ही काय देता गिऱ्हाइकाला?"

"हलका," चष्मेवाले म्हणाले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांचा श्वास मोकळा झाला. "उद्या डॉक्टरांना सांगतो, थांबवू या."

"तपासणीला मी येईन बरोबर. आता दुसरं. हे बरं... पोस्टापर्यंत एकट्याने चालणं. की ते..." इथे बाई अडखळल्या. "माझ्याबरोबर. आणि दमलात की सरळ सांगायचं, मुलीला खोटं बोलायला लावायचं नाही. मीही बसेन शेजारी. नुसतंच."

"हे सारखं नाही," चष्मेवाले घाईने म्हणाले. "ते. ते बरं."

बोलता बोलता त्यांच्या मानेपासून कपाळापर्यंत पुन्हा आग चढली. बाईंनी वाचायचं कार्ड उचललं आणि वारा घालू लागल्या.

"इंजेक्शनचं का?"

चष्मेवाल्यांनी त्यांचा हात हळूच थांबवला. दीड वर्षात इतकं स्पष्ट त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "हे तुमचं."